गेस्ट कर्नल हायपरवायझरशी नेमका बोलतो कसा? स्टील टाइमवरून पडलेला प्रश्न

ऐरोली_सिस्टिम्स

मंडळी नमस्कार. प्रश्न जरा लांब झालाय, सांभाळून घ्या.

मी ऐरोलीला एका कंपनीत सर्व्हर बघतो. आमचे बहुतेक सर्व्हर म्हणजे भाड्याने घेतलेल्या व्हीएम (खऱ्या मशीनच्या आत चालणारी आभासी मशीन, म्हणजे गेस्ट) आहेत, खाली केव्हीएम (लिनक्समधला हायपरवायझर, म्हणजे व्हीएम चालवणारा थर) आहे एवढं माहितीये, होस्टवर म्हणजे खालच्या खऱ्या मशीनवर आम्हाला हात लावता येत नाही. त्यातली एक व्हीएम संध्याकाळी रिपोर्ट सुरू झाले की मंदावते. टॉप लावून बघितलं तर आमच्या प्रोसेसनी सीपीयू खाल्लाय असं दिसत नाही, पण सीपीयूच्या ओळीत शेवटी एसटी म्हणून आकडा असतो ना तो वीसच्या आसपास जातो, आणि त्याच मशीनवर नेटवर्क पण रडतखडत चालतं. पुरवठादाराला विचारलं तर तुमच्याच ॲप्लिकेशनचा लोड असेल एवढं एका ओळीचं उत्तर.

एसटी म्हणजे स्टील टाइम, व्हीएमला हवा असून न मिळालेला सीपीयूचा वेळ, हे कळलं, पण माझं गाडं त्याच्या आधीच अडलंय. ज्या वेळात गेस्ट कर्नल चालतच नव्हता त्या वेळेचा हिशोब तो ठेवतो कसा? म्हणजे त्याला कोणीतरी बाहेरून सांगतंय, मग कोण सांगतं आणि कुठल्या वाटेने? दुसरं म्हणजे कॉलेजात शिकलो की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, रिंग शून्यला म्हणजे प्रोसेसरच्या सगळ्यात जास्त अधिकाराच्या पातळीला चालतो. आता गेस्टचा कर्नलही रिंग शून्यला आणि होस्टचाही रिंग शून्यला, तर वरचढ कोण? आणि हायपरकॉल म्हणतात तो सिस्टिम कॉलसारखाच (प्रोग्राम कर्नलकडे काम मागतो तो) काहीतरी प्रकार आहे का? जिथे बघावं तिथे टाइप वन टाइप टू असे डबे काढलेलं तेच चित्र आहे, पुढे कोणी जातच नाही. सी वाचता येतं, असेंब्ली थोडीफार. कोणी आतलं समजावून सांगेल का?

घोडबंदर_कर्नल

तुझा दुसरा प्रश्न आधी घेतो, तो सुटला की पहिला सोपा होतो.

दोघेही रिंग शून्यला हे बरोबर, पण आजच्या प्रोसेसरमध्ये रिंगशिवाय अजून एक विभागणी आहे. इंटेलने २००५ च्या शेवटी व्हीटी-एक्स (व्हीएमसाठी प्रोसेसरमध्येच केलेली सोय) आणलं, एएमडीने २००६ मध्ये स्वतःचं आणलं, आणि तेव्हापासून प्रोसेसर दोन मोडमध्ये चालू शकतो, इंटेलच्या भाषेत रूट आणि नॉन-रूट. दोन्ही मोडमध्ये चारही रिंगा आहेत. होस्टचा कर्नल रूटमधल्या रिंग शून्यला बसतो आणि तुझा गेस्ट कर्नल नॉन-रूटमधल्या रिंग शून्यला, त्यामुळे गेस्टला स्वतःच्या पुरतं सगळं राज्य मिळतं, पण कुठल्या गोष्टीवर त्याच्या हातून कंट्रोल काढून घ्यायचा हे रूटवाला आधीच लिहून ठेवतो.

हे करायची वेळ का आली ते माहिती असलेलं बरं. पॉपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी १९७४ मध्येच सांगून ठेवलं होतं की मशीनची अवस्था बदलणाऱ्या किंवा उघडी पाडणाऱ्या सगळ्या सूचना कमी अधिकारात चालवल्या तर ट्रॅप व्हायला पाहिजेत (म्हणजे अडून कंट्रोल हायपरवायझरकडे जायला पाहिजे), तरच सरळ पद्धतीने व्हीएम बनवता येतं. जुना एक्स८६ या अटीत बसत नव्हता. पॉपएफ सूचना घे. ती स्टॅकवरून फ्लॅग रजिस्टर परत भरते, त्यात इंटरप्ट चालू-बंद करायचा बिट असतो. कर्नलला रिंग एकमध्ये ढकलून ही सूचना चालवली तर तो बिट बदलत नाही, आणि एररही येत नाही, सूचना गपचूप पुढे निघून जाते. गेस्टला वाटतं आपण इंटरप्ट बंद केले, प्रत्यक्षात काहीच झालेलं नसतं आणि हायपरवायझरला तर कळायचा मार्गच नाही. म्हणून व्हीएमवेअरने १९९९ मध्ये अशा सूचना चालता चालता बदलून टाकायचा मार्ग घेतला, बायनरी ट्रान्सलेशन, आणि केंब्रिजच्या झेनवाल्यांनी २००३ मध्ये गेस्ट कर्नलचा सोर्सच बदलला, की बाबा तू हे स्वतः करू नकोस, मला सांग. हे सांगणं म्हणजे हायपरकॉल. कल्पना त्याहून जुनी आहे, आयबीएमच्या १९७२ च्या व्हीएम/३७० मध्ये गेस्ट डायग्नोज नावाची सूचना वापरून वरच्या कंट्रोल प्रोग्रामला कामं सांगायचाच.

आता आजचं. प्रत्येक व्हीसीपीयूमागे (व्हीएमला दिसणारा आभासी सीपीयू) मेमरीत एक व्हीएमसीएस नावाचा तक्ता असतो. त्यात गेस्टची रजिस्टरं, होस्टची रजिस्टरं आणि काय झालं की बाहेर यायचं त्याचे बिट. होस्टने व्हीएमलाँच किंवा व्हीएमरिझ्यूम सूचना दिली की प्रोसेसर गेस्टमध्ये शिरतो आणि तिथून पुढे तुझा गेस्ट कर्नल खऱ्या सिलिकॉनवर थेट चालतो. हायपरवायझर त्याची एकेक ओळ तपासत बसतो असा बऱ्याच जणांचा समज असतो, तसं काहीही नाही, बेरीज-वजाबाकी, फंक्शन कॉल, स्वतःचा सिस्टिम कॉल, स्वतःचा पेज फॉल्ट, पॉपएफसुद्धा, सगळं त्याचं तो करतो. मध्ये अडलं तरच व्हीएम एक्झिट होते, प्रोसेसर गेस्टची अवस्था त्या तक्त्यात ठेवतो, होस्टची भरतो आणि कारणाचा नंबर लिहून रूटमध्ये येतो.

मेमरीचं पण तसंच. आधी हायपरवायझरला गेस्टच्या पेज टेबलची (मेमरीचे पत्ते जुळवणारा तक्ता) सावली-प्रत सांभाळावी लागायची, गेस्टने टेबलात काही लिहिलं की एक्झिट. मग एएमडीने एनपीटी आणि इंटेलने ईपीटी आणलं. आता गेस्टचं पेज टेबल त्याचं त्याच्याकडे, आणि त्याच्या खाली हायपरवायझरचं दुसरं, दोन्ही हार्डवेअरच चालून बघतं. टीएलबीमध्ये (नुकतेच शोधलेले पत्ते ठेवणारा प्रोसेसरमधला छोटा साठा) पत्ता सापडला नाही आणि दोन्हीकडे चार पायऱ्या असतील तर वाईटात वाईट २४ वेळा मेमरी वाचावी लागते, म्हणून डेटाबेसवाले हट्टाने ह्यूज पेज, म्हणजे मोठ्या आकाराची पानं, मागतात.

आता तुझ्या नेटवर्ककडे येतो, कारण तिथे एक्झिट अगदी जवळून बघता येते. व्हीएमला जर ई१००० कार्ड दिलं असेल, म्हणजे इंटेलच्या जुन्या कार्डाची नक्कल, तर गेस्टचा ड्रायव्हर पॅकेट तयार करून ठेवतो आणि कार्डाच्या टेल रजिस्टरमध्ये नवा आकडा लिहितो. त्याच्या लेखी हे एक साधं मेमरीत लिहिणं आहे. पण त्या पत्त्यामागे ईपीटीमध्ये मेमरी लावलेलीच नसते. एक्झिट. केव्हीएम बघतं कुठल्या सूचनेने कुठे काय लिहायचं होतं, ती सूचना स्वतः डीकोड करतं, हे डिव्हाइस माझ्याकडे नाही असं ठरवून होस्टच्या यूजरस्पेसमधल्या, म्हणजे कर्नलबाहेर चालणाऱ्या, क्यूईएमयू या हार्डवेअरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला देतं, क्यूईएमयू कार्ड असल्याचं सोंग वठवून पॅकेट पुढे ढकलतं, मग केव्हीएम-रनचा आयओसीटीएल (गेस्ट चालव असं केव्हीएमला सांगणं) पुन्हा, मग व्हीएमरिझ्यूम, मग गेस्ट पुढच्या सूचनेवर. साध्या एक्झिटची फेरी हजार सायकलच्या पुढेमागे जाते, ही यूजरस्पेसपर्यंत जाणारी त्याहून बरीच महाग, आणि खऱ्या कार्डासाठी लिहिलेला ड्रायव्हर अशा रजिस्टरांना बिनधास्त हात लावत असतो कारण खऱ्या कार्डावर ते स्वस्त असतं.

गेस्टला आपण व्हीएममध्ये आहोत हे कळतं का, तर हो, विचारलं की कळतं. सीपीयूआयडी (प्रोसेसरला त्याची माहिती विचारायची) सूचना इंटेलच्या नॉन-रूटमध्ये कायम एक्झिट करते, म्हणजे उत्तर प्रोसेसर नाही हायपरवायझर देतो. लीफ एकच्या (लीफ म्हणजे प्रश्नाचा नंबर) उत्तरातल्या ईसीएक्स रजिस्टरमधला ३१ नंबरचा बिट खऱ्या मशीनवर शून्य असतो, व्हीएममध्ये हायपरवायझर तो एक करतो. तो दिसला की कर्नल ४००००००० या हेक्स लीफवर विचारतो कोण आहेस, आणि तिथे तीन रजिस्टरांत सही येते, केव्हीएमची वेगळी, व्हीएमवेअरची वेगळी, मायक्रोसॉफ्टची वेगळी. पुढच्या लीफवर कुठकुठल्या सोयी आहेत त्यांचे बिट. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) हायपरवायझर डिटेक्टेड अशी ओळ शोध, ती इथूनच येते.

स्टील टाइमचं रात्री लिहितो, आता निघायचंय.

रबाळे_नाईटशिफ्ट

दादांनी मुळापासून सांगितलंय, मी फक्त नेटवर्कचा भाग पुढे नेते कारण आमच्याकडे रबाळ्याच्या डेटा सेंटरमध्ये ही तक्रार सारखी येते आणि बहुतेक वेळा जुन्या मशीनची इमेज जशीच्या तशी उचलून व्हीएम केलेली असते, त्यामुळे कार्ड ई१००० आणि डिस्क आयडीई या जुन्या पद्धतीची.

ऐरोली, आधी एलएसपीसीआय (जोडलेल्या कार्डांची यादी देणारी कमांड) लावून बघ. नेटवर्क कार्डासमोर इंटेल दिसलं तर नक्कल आहे, व्हर्टआयओ दिसलं आणि व्हेंडर आयडी १एएफ४ असेल तर ठीक.

व्हर्टआयओ रस्टी रसेलने लिहिलं, लिनक्समध्ये २.६.२४ ला म्हणजे २००८ च्या सुरुवातीला आलं. त्यात कुठल्याही खऱ्या कार्डाची नक्कल नाही. गेस्ट आणि होस्ट दोघांना दिसेल अशा मेमरीत एक रांग मांडलेली असते, तिचे तीन भाग, एक डिस्क्रिप्टरचा तक्ता ज्यात बफर कुठे आहे आणि किती लांब आहे ते, दुसरी अव्हेलेबल रिंग ज्यात गेस्ट लिहितो की हे बफर तयार आहेत, आणि तिसरी यूज्ड रिंग ज्यात होस्ट लिहितो की हे माझे वापरून झाले. गेस्ट पन्नास पॅकेट रांगेत टाकून एकदाच किक देऊ शकतो. किक म्हणजे एका ठरलेल्या पत्त्यावर लिहिणं, ती मात्र एक्झिट असते. पण मला यातला सगळ्यात आवडता भाग असा की होस्ट आधीच रांग उपसत बसला असेल तर तो यूज्ड रिंगवर फ्लॅग लावून ठेवतो, की आता किक नको, मी जागाच आहे. आणि गेस्टही उलट तसंच सांगतो की इंटरप्ट नको, मी स्वतः बघतोय. म्हणजे ट्रॅफिक जितका वाढेल तितकं पॅकेटमागे बोलणं कमी होतं, ई१००० च्या बरोब्बर उलट!

त्याच्या पुढे व्हीहोस्ट-नेट आहे, ते वापरलं तर किक क्यूईएमयूपर्यंत जातच नाही, होस्ट कर्नलमधला थ्रेडच रांग उपसतो.

कार्ड बदलायला पुरवठादाराला सांगावं लागेल पण त्याआधी इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टिम) व्हर्टआयओचे ड्रायव्हर आहेत ना ते बघ. डिस्क पण व्हर्टआयओ केलीत आणि ड्रायव्हर नसला तर मशीन रूट फाइलसिस्टिम न सापडून अडकेल. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे लावायची त्याची फाइल) डिस्कचं नाव असेल तर ते यूयूआयडीने बदल, कारण एसडीए जाऊन व्हीडीए होणार.

वागळे_विंडोज_ॲडमिन

थोडं विंडोजचं पण, कारण आमच्या वागळे इस्टेटच्या ऑफिसात केव्हीएमवर विंडोज सर्व्हर आहेत. विंडोजच्या सेटअपमध्ये व्हर्टआयओचे ड्रायव्हर नसतात त्यामुळे इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही, ड्रायव्हरची वेगळी आयएसओ जोडावी लागते.

दुसरी गोष्ट, विंडोज कर्नलला केव्हीएमची भाषा येत नाही, त्याला मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या हायपरवायझरची, हायपर-व्हीची येते. म्हणून केव्हीएम सीपीयूआयडीमध्ये हायपर-व्हीची ओळख देऊ शकतं आणि त्याचा बराचसा इंटरफेस स्वतः पाळतं. लिबव्हर्टमध्ये (व्हीएम सांभाळायचं सॉफ्टवेअर) हायपर-व्ही एनलाइटनमेंट म्हणून जे असतं ते हेच. ते बंद असेल तर विंडोज रिकामं बसलेलं असतानाही टायमरपायी होस्टचा सीपीयू खात राहतं, चालू केलं की फरक लगेच दिसतो. हायपर-व्हीमध्ये हायपरकॉलची पद्धत पण छान आहे, गेस्ट एका एमएसआरमध्ये (प्रोसेसरचं खास रजिस्टर) पानाचा पत्ता देतो आणि हायपरवायझर त्या पानात योग्य ती सूचना स्वतः भरून देतो, इंटेलवर व्हीएमकॉल, एएमडीवर व्हीएमएमकॉल, गेस्टने फक्त त्या पानाला कॉल करायचा.

घोडबंदर_कर्नल

आता स्टील टाइम. हे मला मनापासून आवडणारं प्रकरण आहे, नीट लिहितो.

गेस्ट बूट होताना प्रत्येक व्हीसीपीयूसाठी ६४ बाइटचा एक छोटा स्ट्रक्चर स्वतःच्या मेमरीत बाजूला काढतो आणि त्याचा फिजिकल पत्ता एका खास एमएसआरमध्ये लिहितो. या एमएसआरचे नंबर हेक्समध्ये ४बी५६४डी ने सुरू होतात, ती के, व्ही आणि एम या अक्षरांची आस्की किंमत आहे, कुठल्याही खऱ्या प्रोसेसरवर हे रजिस्टर नाही. लिहिलं की एक्झिट होते, केव्हीएम पत्ता टिपून घेतं, आणि बोलणं इथे संपलं. यापुढे व्हीसीपीयू पुन्हा चालायला घेतला की केव्हीएम आत शिरण्याआधी त्या ६४ बाइटमध्ये आकडा वाढवून ठेवतं आणि गेस्ट त्याच्या टायमर टिकला तो वाचतो. वाचायला एक्झिट लागत नाही.

सोसायटीत पाणी कधी येणार हे विचारायला प्रत्येकाने सेक्रेटरीच्या दाराची बेल वाजवायची, की खाली बोर्डावर लिहिलेलं येता-जाता वाचायचं, एवढाच फरक आहे हायपरकॉल आणि या वाटून घेतलेल्या पानात. तुझ्या हायपरकॉलच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. दिसायला तो सिस्टिम कॉलसारखाच, रजिस्टरमध्ये नंबर आणि आर्ग्युमेंट टाकायची आणि व्हीएमकॉल सूचना द्यायची, एआरएम प्रोसेसरवर एचव्हीसी. पण प्रोग्रामचं सिस्टिम कॉलशिवाय पान हलत नाही, आणि केव्हीएममधले हायपरकॉल बोटावर मोजण्याइतके आहेत. झेनच्या काळात पेज टेबल बदलायलाही हायपरकॉल लागायचा, ते काम ईपीटीने संपवलं.

आता तो आकडा येतो कुठून. केव्हीएममध्ये व्हीसीपीयू म्हणजे क्यूईएमयूचा एक साधा थ्रेड, लिनक्सच्या शेड्युलरला तो बाकीच्या थ्रेडसारखाच. शेड्युलर प्रत्येक थ्रेडचा रन डिले ठेवतो, म्हणजे थ्रेड चालायला तयार होता पण सीपीयू मिळाला नाही म्हणून रांगेत थांबला तो वेळ. केव्हीएम तोच फरक उचलून स्टीलमध्ये जमा करतं. गेस्ट स्वतःहून एचएलटी (काम नाही म्हणून थांबायची सूचना) करून झोपला तर तो वेळ यात येत नाही. म्हणून तुझ्या पुरवठादाराला हे ठामपणे विचार. ॲप्लिकेशनचा लोड असता तर टॉपमधले यूएस आणि एसवाय, म्हणजे प्रोग्रामचा आणि कर्नलचा वेळ, वाढले असते. एसटी वीस याचा अर्थ तुझ्या व्हीसीपीयूला काम होतं, तो तयार होता आणि त्याला खरा कोअर मिळाला नाही, एकतर त्या होस्टवर गर्दी आहे नाहीतर तुमच्या प्लॅनवर सीपीयूची मर्यादा लावलीये. यातलं कुठलं हे सांगणं त्यांचं काम आहे, त्यांना ते होस्टवर बसून दिसतं.

ऐरोली_सिस्टिम्स

दादा, ताई, वागळेवाले, खूप खूप आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. एलएसपीसीआय बघितलं, ई१००० च आहे, इमेज जुन्या मशीनवरून आलेली होती. बदलायची रिक्वेस्ट टाकलीये आणि स्टीलचे आकडे वेळेसकट जोडलेत.

यावरून अजून एक. क्लॉकसोर्स (कर्नल वेळ कुठून घेतो ते) बघितला तर या मशीनवर केव्हीएम-क्लॉक आहे आणि दुसऱ्या एका व्हीएमवर टीएससी (प्रोसेसरमधला टिक मोजणारा काउंटर). काही ठिकाणी टीएससी वेगवान म्हणून सरसकट तेच लावा असा सल्ला दिसतो. करू का?

रबाळे_नाईटशिफ्ट

नको, आहे ते राहू दे.

केव्हीएम-क्लॉकही तसल्याच वाटून घेतलेल्या पानावर चालतो. होस्ट त्या पानात लिहितो की टीएससी अमुक असताना वेळ तमुक होती, आणि टीएससीच्या एका टिकचे नॅनोसेकंद करायला हा गुणक आणि इतका शिफ्ट. गेस्ट स्वतः टीएससी वाचतो आणि गुणाकार करतो, एक्झिट नाही. पानात सुरुवातीला व्हर्जनचा आकडा असतो, होस्ट लिहायला घेताना तो विषम करतो आणि लिहून झालं की सम. गेस्टने वाचण्याआधी आणि वाचल्यावर तो आकडा बघायचा, विषम असला किंवा मध्येच बदलला तर परत वाचायचं. कुलूप नाही, थांबणं नाही, आणि अर्धवट बदललेली वेळ हातात यायची भीती नाही.

याचा खरा उपयोग लाइव्ह मायग्रेशनला. समज रात्री मेंटेनन्ससाठी आम्ही तुझं व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवलं आणि तिथल्या प्रोसेसरचा टीएससी वेगळ्या गतीने धावतोय, तर नवा होस्ट पानातला गुणक बदलतो आणि गेस्टची वेळ सरळ चालू राहते. जिथे टीएससीची गती कायम असते आणि तो कधी थांबत नाही अशी खात्री हायपरवायझर गेस्टला देतो तिथे नवा कर्नल स्वतःच टीएससीला वरचा नंबर देतो, म्हणून तुझ्या दुसऱ्या व्हीएमवर ते दिसतंय. हे ठरवायला लागणारी माहिती कर्नलकडे आहे, तुझ्या-माझ्याकडे नाही.

खारघर_एमटेक

नमस्कार, मध्येच विचारतो. आमच्याकडे असं शिकवतात की हार्डवेअर सपोर्ट आल्यावर पॅराव्हर्च्युअलायझेशनची (गेस्ट कर्नलने आपण व्हीएममध्ये आहोत हे जाणून हायपरवायझरशी बोलून काम करायचं) गरज संपली, तो आता इतिहासाचा धडा आहे. पण वर तुम्ही सगळे जे सांगताय ते पॅराव्हर्च्युअलायझेशनच ना?

घोडबंदर_कर्नल

हो, तेच आहे, आणि तुझा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे.

हार्डवेअरने एक प्रश्न पूर्ण सोडवला, गेस्टने करू नये ते केलं तर पकडायचं कसं. पॉपएफ, पेज टेबल, इंटरप्ट कंट्रोलर, सगळं त्यात आलं. त्यामुळे कर्नल न बदलता चालतो, हे खरंच. पण दुसरा प्रश्न हार्डवेअरच्या हातातला नाहीच, तो म्हणजे गेस्टला जे दिसतच नाही ते त्याला सांगायचं कसं. कर्नल लिहिणाऱ्याने पिढ्यानपिढ्या गृहीत धरलंय की सीपीयू हा कायम चालू असतो. व्हीएममध्ये हे खोटं आहे. व्हीसीपीयू कुठल्याही दोन सूचनांच्या मध्ये गायब होऊ शकतो आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो.

स्पिनलॉक घे, म्हणजे मिळेपर्यंत सीपीयूने जागेवर फिरत वाट बघायचा लॉक. एका व्हीसीपीयूने लॉक घेतला आणि त्याच क्षणी होस्टने त्याला खाली उतरवलं. बाकीचे तीन व्हीसीपीयू लॉकसाठी गरगर फिरत बसले, खऱ्या मशीनवर हे फिरणं काही नॅनोसेकंदांचं, इथे कित्येक मिलिसेकंदांचं, आणि फिरणारे तिघं तोच कोअर अडवून धरतात ज्यावर लॉकवाल्याला यायचंय. म्हणून लिनक्समध्ये पॅराव्हर्च्युअल स्पिनलॉक आहे, थोडा वेळ फिरायचं, मग थांबून झोपायचं, आणि लॉक सोडणाऱ्याने हायपरकॉल करून झोपलेल्याला उठवायचं. त्या बोटावर मोजण्याइतक्या हायपरकॉलमधला हा एक.

त्याहून सुंदर टीएलबीचं. एका व्हीसीपीयूने पेज टेबल बदललं की बाकीच्यांना आयपीआय (एका सीपीयूने दुसऱ्याला दिलेला इंटरप्ट) पाठवून टीएलबी साफ करा सांगावं लागतं आणि सगळ्यांच्या उत्तराची वाट बघावी लागते. त्यातला एक होस्टवर रांगेत झोपला असेल तर सगळे त्याच्यासाठी ताटकळतात. आता त्या स्टीलच्या ६४ बाइटमध्येच प्रीएम्प्टेड नावाचा एक बाइट आहे. केव्हीएम व्हीसीपीयूला उतरवताना तो लावतं. पाठवणारा आधी तो बाइट बघतो, समोरचा चालतच नसेल तर आयपीआय पाठवत नाही, त्याच बाइटमध्ये टीएलबी साफ कर असा बिट लावून पुढे जातो, आणि केव्हीएम त्याला पुन्हा आत सोडताना स्वतः साफ करून सोडतं. झोपलेल्या सीपीयूला शिळा टीएलबी वापरताच येत नाही, मग त्याची वाट कशाला बघायची? हे गणित फक्त दोघांनी मिळून सुटतं, एकट्या गेस्टला कळत नाही समोरचा झोपलाय की जागा, आणि एकट्या होस्टला कळत नाही की हा आयपीआय कशासाठी होता.

आणि जिथे व्हीसीपीयूला खरा कोअर कायमचा बांधून दिलेला असतो तिथे हायपरवायझर तसा हिंट बिट देतो आणि कर्नल हे सगळं बंद करून साधा स्पिनलॉक वापरतो, कारण तिथे जुनं गृहीतक पुन्हा खरं झालेलं असतं.

अजून एक, एएमडीच्या एसईव्हीसारख्या गोपनीय व्हीएममध्ये तर हे वाढलंच आहे. तिथे गेस्टची मेमरी एन्क्रिप्ट असते, होस्टला वाचता येत नाही, एसईव्ही-ईएसपासून रजिस्टरंही दिसत नाहीत. मग एक्झिट झाल्यावर हायपरवायझर नक्कल करणार कशाच्या जोरावर? म्हणून प्रोसेसर आधी गेस्ट कर्नलमध्येच एक अपवाद (एक्सेप्शन) उभा करतो, आणि कुठली रजिस्टरं दाखवायची हे गेस्ट ठरवतो, तेवढीच एका उघड्या पानात ठेवतो आणि मग बाहेर येतो. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याशी बोलायचं तर हातचं राखूनच बोलावं लागतं, आणि त्यासाठी कर्नल बदलल्याशिवाय इलाजच नाही. तुमच्या सरांना हे दाखव, चर्चा चांगली होईल.

ऐरोली_सिस्टिम्स

हे वाचून आता हात शिवशिवायला लागलेत. होस्ट आमच्या ताब्यात नसला तरी घरी कोपरखैरण्याला एक जुना डेस्कटॉप आहे, व्हीटी-एक्सवाला, त्यावर लिनक्स आहे. एक्झिट प्रत्यक्ष बघायच्या तर काय करू?

घोडबंदर_कर्नल

सोपं हवं असेल तर त्यावर एक व्हीएम चालव आणि होस्टवर पर्फ केव्हीएम स्टॅट लाव, कुठल्या कारणाने किती एक्झिट झाल्या आणि प्रत्येकीत किती वेळ गेला ते समोर येतं. त्याच व्हीएमला आधी ई१००० देऊन आणि मग व्हर्टआयओ देऊन मोठी फाइल पाठव, ताईंनी सांगितलेलं आकड्यांत दिसेल.

पण सी येतंय म्हणतोस तर स्वतःचा इवलासा हायपरवायझर लिही, शे-दीडशे ओळींत होतो. डेव्ह फोल्डरमधली केव्हीएम फाइल उघड, क्रिएट-व्हीएम कर, एमएमॅपने एक पान घेऊन ते गेस्टची मेमरी म्हणून लाव, क्रिएट-व्हीसीपीयू कर, आणि त्या व्हीसीपीयूच्या एफडीवर एमएमॅप करून केव्हीएम-रन स्ट्रक्चर घे. त्या पानात मशीन कोडचे मोजके बाइट ठेव, एक अक्षर सीरियल पोर्टवर म्हणजे हेक्स ३एफ८ वर आउट सूचनेने लिहायचं आणि मग एचएलटी. आता केव्हीएम-रन लूपमध्ये फिरव. पहिल्यांदा बाहेर येशील तेव्हा एक्झिटचं कारण आयओ असेल, पोर्ट आणि अक्षर त्याच स्ट्रक्चरमध्ये मिळेल, ते छाप आणि परत आत सोड. दुसऱ्यांदा कारण एचएलटी, तिथे थांब.

एक जागा अशी आहे जिथे सगळे अडकतात. व्हीसीपीयू रीसेटच्या अवस्थेत मिळतो, तिथे सीएस सेगमेंटचा बेस शून्य नसतो, प्रोसेसर वरच्या बायोसच्या पत्त्यावरून सुरू व्हायला बसलेला असतो. म्हणून पहिल्या रनच्या आधी सीएसचा बेस आणि सिलेक्टर दोन्ही शून्य कर, आरआयपीमध्ये तुझा पत्ता टाक, आणि आरफ्लॅग्जमध्ये दोन ठेव कारण एक नंबरचा बिट एक्स८६ वर कायम एक असावा लागतो, नाहीतर जुन्या कर्नलवर व्हीएम आत शिरायलाच नकार द्यायचं. अडलास तर कोड इथेच टाक, बघतो.